लालबागेतली फुले आणि आपल्या बागेतल्या फरश्या

ही गोष्ट जानेवारी २०२४ मधली आहे. लिहायचे मनात होते, पण राहून गेले होते. परवा घराजवळच्या बागेत एक प्रसंग घडला आणि आता लिहिल्यावाचून चैन पडेना.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला होता. शनिवार-रविवार धरून तीन दिवसांची सुट्टी मिळत होती आणि बेंगळुरूला राहणारी ताई कधीपासून बोलावत होती, म्हणून आईला घेऊन गुरुवारी रात्रीच्या गाडीने कोल्हापूर सोडले. तिथल्या लालबाग या मोठ्या उद्यानातले पुष्पप्रदर्शन आईला दाखवायचे, एवढाच बेत होता. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या दोन मुहूर्तांवर तिथे दरवर्षी हे प्रदर्शन भरते आणि सारे शहर लोटते. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर लालबाग नावाचेच स्थानक आहे. ताईच्या सांगण्यावरून आम्ही शनिवारी अगदी सकाळी तिथे उतरलो, तरीही तिकिटाची रांग लागलेली होतीच.

प्रदर्शनाचा मुख्य भाग काचघरात असतो. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून कल्पना घेऊन १८८९ मध्ये उभारायला घेतलेली ही लोखंड आणि काचेची इमारत रिकामी असती तरी पाहण्यासारखी आहे. त्या वर्षीचा विषय बाराव्या शतकातले संत बसवण्णा आणि त्यांच्या परंपरेतले कानडी वचनसाहित्य हा होता आणि मधोमध अनुभवमंटपाची, म्हणजे ही संतमंडळी जिथे जमून चर्चा करत त्या सभागृहाची, प्रतिकृती फुलांनी मढवलेली होती. आईचे माहेर गडहिंग्लजकडचे असल्यामुळे वचने तिच्या कानावरून गेलेली आहेत आणि कानडीही तिला बऱ्यापैकी समजते. तिने प्रतिकृतीला आधी हात जोडले, मग डोळे भरून पाहिले आणि शेवटी वाकून एका गुलाबाचा वास घेतला. "एवढ्या फुलांत वास कशालाच नाही होय रे?" असे तिने विचारले. अंबाबाईच्या देवळाबाहेर वेणी-गजरे पारखून घेण्यात आणि चैत्रात जोतिबाहून आणलेला दवणा कपाटात जपून ठेवण्यात जिचा जन्म गेला, तिला हा प्रश्न पडणे साहजिक होते. सजावटीसाठी पिकवलेला गुलाब लांब दांड्यासाठी, रंगासाठी आणि तोडल्यावर टिकण्यासाठी निवडलेला असतो आणि त्या निवडीत वास बहुधा मागे पडतो. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हरितगृहांतून बाहेर जाणाऱ्या गुलाबाचीही हीच कथा आहे.

तिथेच एक बाई बसलेली होती. एका हातात परडी, दुसऱ्या हातात लहान कात्री. कोमेजलेले एकेक फूल ती उपसून काढत होती, ताज्या शेवंतीचा दांडा बोटभर ठेवून तिरका कापत होती आणि त्याच भोकात, खालच्या ओल्या हिरव्या स्पंजात, टोचून बसवत होती. आईने तिला कानडीत काहीतरी विचारले. पहाटेपासून हेच काम चालते आणि काढलेल्या फुलांनी रोज पोती भरतात, असे तिने सांगितले. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात शे-दीडशे माणसे त्या प्रतिकृतीपुढे पाठ करून, स्वतःचे छायाचित्र काढून पुढे गेली. त्यात मीही होतो, हे कबूल करतो. 'कायकवे कैलास', म्हणजे कष्टाचे काम (कायक) हाच कैलास, ही वचनपरंपरेतली ओळ आपल्याकडेही अनेकांच्या तोंडी असते, पण त्या दिवशी तिथे तो कायक करणारी बाई मात्र कोणाच्याही छायाचित्रात नको होती. लोक तिला जरा बाजूला सरकायला सांगत होते.

काचघरातून बाहेर पडलो तेव्हा गर्दी एकदम विरळ झाली. मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते. लालबाग सुमारे २४० एकरांची आहे आणि काचघर हा तिचा एक कोपरा आहे. हैदरअलीने १७६० मध्ये बाग लावायला सुरुवात केली, टिपूने परदेशांतून रोपे आणि बिया मागवून ती वाढवली आणि १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती उद्यान झाली. (हैदरअलीच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर होती, हे आपल्याकडच्या पर्यटकाने तिथे गेल्यावर आठवायला हरकत नाही.) एका बाजूला तीनशे कोटी वर्षांचा खडक उघडा पडलेला आहे आणि त्याच्यावर बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाचा बुरूज आहे. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्या खडकापुढे कालचे पोर. पुढे पांढऱ्या सावरीचे एक अवाढव्य झाड आहे, ज्याची मुळे जमिनीवर भिंतींसारखी पसरली आहेत. आई त्या झाडापाशी काचघरापेक्षा जास्त वेळ थांबली.

या बागेला कारभारी चांगले मिळाले आणि ते टिकले, हे तिचे खरे भाग्य. १८७४ पासून १९०८ पर्यंत जॉन कॅमेरॉन आणि १९०८ पासून १९३२ पर्यंत गुस्ताव क्रुम्बिगेल, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांत दोनच माणसे! क्रुम्बिगेल जर्मन होता, लंडनच्या क्यू उद्यानात काम करून आला होता आणि म्हैसूर संस्थानात जाण्यापूर्वी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होता. एक झाड मिटले की दुसरे फुलावे आणि वर्षाच्या कोणत्याही महिन्यात शहरात कुठेतरी बहर असावा, अशा हिशेबाने रस्त्यांच्या कडेची झाडे निवडण्याच्या कल्पनेचे श्रेय त्यालाच दिले जाते. प्रदर्शन दहा-बारा दिवसांत उठते, तर हा बहर बारा महिने चालतो आणि त्याला तिकीट नाही. मार्चमध्ये निळ्या-जांभळ्या मोहराने भरलेले बेंगळुरूचे रस्ते आपण छायाचित्रांत पाहतो. ते आपोआप घडलेले नाही, कोणीतरी ठरवून, रोपे वाढवून ते घडवले आहे.

माझी तक्रार आपल्याबद्दल, म्हणजे कोल्हापूरकरांबद्दल आहे. आपल्याला बाग म्हटले की कारंजे, खेळण्यातली रेल्वे, व्यायामाची साधने, भेळेची गाडी आणि छायाचित्रासाठी उभारलेले हृदयाच्या आकाराचे काहीतरी आठवते. या सगळ्याला माझा विरोध नाही, मुलांना रेल्वे आवडते आणि भेळ मलाही आवडते. पण बागेत झाड कोणते आहे आणि ते केव्हा फुलते, हे आपण विचारतच नाही. टाऊन हॉलच्या आवारातली जुनी मोठी झाडे ओलांडून आपण संग्रहालयात जातो आणि परत येतो, आणि त्यांतल्या दोघातिघांची नावेसुद्धा आपल्याला धड सांगता येत नाहीत. लालबागेत कितीतरी झाडांवर नावांच्या पाट्या आहेत. आई त्यांवरची कानडी नावे अडखळत वाचत होती आणि मराठीतले नाव मला विचारत होती. चारांपैकी तीन वेळा मी गप्प राहिलो.

वास्तविक बारमाही बहराला लागणारी झाडे आपल्याकडे घरचीच आहेत. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा, एप्रिलमध्ये बहावा, मे महिन्यात गुलमोहर आणि आपले राज्यपुष्प ताम्हण, पावसाळ्यात कदंब, आणि दिवाळीच्या आगेमागे बूच, ज्याचा सडा पहाटे दारात पडला की आईचा वासाचा प्रश्नही सुटतो. यासाठी क्रुम्बिगेल लागत नाही. रोपे लावताना कागदावर बारा महिने लिहून घेणारा एक माणूस लागतो, आणि त्याची दर दोन वर्षांनी बदली होऊ नये एवढे लागते. आपण मात्र वृक्षारोपणाच्या दिवशी जे रोप मिळेल ते लावतो, त्याच्यासोबत छायाचित्र काढतो आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे लावतो.

आता परवाचा प्रसंग. आमच्या घराजवळ एक लहानशी सार्वजनिक बाग आहे. तिथे आईबरोबर फिरताना एका झाडाशी मी थांबलो, कारण ते ताम्हण आहे हे मला अलीकडेच कळले होते आणि ते मला आईला सांगायचे होते. शेजारीच माळीकाका पाइप गुंडाळत होते. "काका, हे मेमध्ये फुलणार ना?" असे मी जरा ऐटीतच विचारले. त्यांनी माझ्याकडे न पाहताच उत्तर दिले. "फुलायचं. जांभळं हून जायचं बघा सगळं. दोन वर्षं झाली, चार तुरं येत्यात वरच्या अंगाला, तेवढंच." मग त्यांनी पाइपाचे टोक बुंध्याकडे केले. बाग सुशोभित करताना बसवलेल्या लाल-करड्या फरश्या खोडाला चारी बाजूंनी भिडल्या होत्या, आणि एका बाजूला सालीत रुतल्या होत्या. त्यांनी त्या फरशीवर पाणी सोडले, आणि ते झाडाला वळसा घालून उतारावरून सरळ गटारीकडे वाहत गेले.