आकडा फुगला की चाळणी बदलली?

फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच मेसेज उगवतो: 'आमच्या वेळी ऑटिझम नव्हताच. पूर्वी दहा हजारांत चार-पाच मुलं, आता 31 मुलांत एक! ही साथ लसींनी आणली. शिवाय हल्ली डॉक्टर कुणावरही शिक्का मारतात.' एकेक वाक्य घेऊ.

'नव्हताच.' ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होती; नाव नव्हतं. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर लेख लिहिला. त्यातला पहिला डोनाल्ड, जन्म 1933. वडिलांनी आधी 33 पानांचं पत्र टाइप करून धाडलं होतं: मुलगा एकटाच रमतो, ठोकळे, तवे, जे गोल दिसेल ते भिंगरीसारखं फिरवत बसतो. वडील वकील, म्हणून पोरगा कागदावर आला. इतरांची पोरं 'मतिमंद' खात्यात जमा. आपल्याकडे तर 'जरा खुळं आहे' एवढ्यावर भागायचं.

'साथ.' चार-पाच हा 1966 चा, इंग्लंडातल्या मिडलसेक्सचा आकडा. संशोधक व्हिक्टर लॉटर यांनी माणसांपासून तुटलेली आणि त्याच त्या गोष्टींचा कमालीचा हट्ट धरणारी मुलंच मोजली. 31 मुलांत एक हा अमेरिकेतल्या ठरावीक भागांतल्या आठ वर्षांच्या मुलांचा, 2022 चा. मधे 1987, 1994, 2013 अशी व्याख्या बदलत गेली आणि घडाघडा बोलणारी, वर्गात पहिली येणारी मुलंही तिच्यात आली. 1990 साली अमेरिकी शिक्षण कायद्यानं ऑटिझमला स्वतंत्र रकाना दिला. नाव लागलं तरच मदत, म्हटल्यावर नाव लागणारच! डेन्मार्कमधल्या अभ्यासात साधारण 60 टक्के वाढ निदानाचे निकष आणि नोंदणीची पद्धत बदलल्यानं झालेली निघाली.

'लसींनी.' एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस, अमेरिकेत आली 1971 साली. डोनाल्ड तोवर चाळिशीला टेकला होता. या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफील्ड यांचा 1998 चा लेख बारा मुलांवरचा, 2010 साली मागे घेतलेला. डेन्मार्कमधे पाच लाखांवर मुलं तपासली, संबंध सापडला नाही.

'शिक्का.' साथही खरी आणि शिक्काही खोटा? एक काय ते ठरवा. पण इथे मेसेजला थोडं श्रेय देतो. रक्त तपासून ऑटिझम कळत नाही. कोणीतरी बघून ठरवतं, आणि शांत, नक्कल करून निभावणाऱ्या मुली त्या नजरेतून निसटतात. आपल्याकडे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जी मोजपट्टी वापरतात तिच्यात 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 भरले तर ऑटिझम. 69 भरले की आई फाइल उचलून घरी.