चौदा वर्षांनी आला, पण डॅश अजून तेवढाच

आठवडाभर फोंड्यात पाऊस असा कोसळतोय की मुलीला अंगणातसुद्धा सोडायची सोय नाही. शेवटी शनिवारी ‘द इन्क्रेडिबल्स’ हा सुपरहिरो कुटुंबाचा अ‍ॅनिमेशनपट लावला आणि रविवारी त्याचा दुसरा भाग. दोन्ही लागोपाठ बघितल्यावर इतकी वर्षं मी लोकांशी उगाच वाद घालत होतो असं वाटायला लागलंय. दुसरा भाग फसलाय असं मी ठासून सांगायचो. फसलाय तो अर्धाच. उरलेला अर्धा पहिल्यापेक्षा सरस आहे.

पहिला आला 2004 मध्ये. त्याच वर्षी इफ्फी हा चित्रपट महोत्सव गोव्यात आला, पणजीत मल्टिप्लेक्स झालं, पण आमच्या कॉलेजच्या खिशाला परवडायची ती भाड्याची व्हीसीडी. तीही हिंदी, ‘हम हैं लाजवाब’. बापाला, म्हणजे बॉबला, शाहरुखचा आवाज, आणि पोराला, म्हणजे डॅशला, शाहरुखच्या खऱ्या पोराचा, आर्यनचा. आई हेलन पोरांना घेऊन विमानात आहे, मागे क्षेपणास्त्रं लागलीत, आणि नेमकी तिथे पहिली सीडी संपली. दुसरी घालेपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही.

ती भीती हेच पहिल्या भागाचं बळ आहे. हे लोक टीव्हीवरच्या कार्टूनसारखे नाहीत, तुम्ही मुलं आहात म्हणून सोडणार नाहीत, असं हेलन पोरांना सरळ सांगते. मुलांच्या सिनेमात आई असं बोलते! आणि खलनायक कोण, तर हिरोनेच एकेकाळी हाकलून दिलेला त्याचा भक्त. बॉबने त्या पोराला जरा नीट वागवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. विम्याच्या कचेरीत अंग चोरून बसणारा बॉब तेव्हा मला विनोदी वाटला होता. आता तेवढं हसू येत नाही.

दुसरा भाग 2018चा. गोष्ट मात्र पहिली जिथे संपते तिथूनच, त्याच क्षणापासून सुरू. मुलीने पाचव्या मिनिटाला विचारलं, “बाबा, डॅशचा आवाज असा का येतो?” खरंच वेगळा आहे. पहिल्या वेळी ज्या मुलाने आवाज दिला होता तो मधल्या काळात बाप्या झाला, म्हणून दुसरा मुलगा आणावा लागला. डॅश मात्र आहे तेवढाच.

यात हेलन बाहेर पडते आणि बॉब घर सांभाळतो. हिंदीत या वेळी हेलनला काजोलचा आवाज आहे. मोटरसायकलवरून सुटलेल्या ट्रेनचा पाठलाग फर्मास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खलनायिकेबद्दल. तिचं दुःख खरं आहे: बाप सुपरहिरोंची वाट बघत बसला आणि मेला. पण ते आपल्याला कळतं भाषणातून. पहिल्यात आपण त्या पोराचा अपमान डोळ्यांनी बघितलेला असतो. शिवाय बाईचं नाव एव्हलिन डेव्हर. भरभर म्हणून बघा, ‘ईव्हिल एंडेव्हर’, म्हणजे दुष्ट उद्योग, असं ऐकू येतं. आमच्या नऊ वर्षांच्या बाईसाहेबांनी अर्ध्यातच “हीच ती” म्हणून निकाल लावला.

घरचा भाग मात्र काय लिहिलाय! 2018 मध्ये मुलगी तान्ही होती आणि बायकोची बदली कारवारला झालेली. शनिवारी रात्री यायची, सोमवारी पहाटे जायची. तेव्हा हा सिनेमा मी धड बघितलाच नव्हता, झोपेत मतं बनवली होती. परवा बॉबचे ते तांबारलेले डोळे, वाढलेली दाढी, पोराच्या पुस्तकावर डोकं आपटणं बघितलं आणि मुलीसमोर मोठ्याने हसलो. गणित बदललंच का, गणित म्हणजे गणित, असं तो करवादतो. पुढच्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जागी ‘वीस एक’ आलं आणि अख्ख्या महाराष्ट्राचा बॉब झाला. पुस्तक तिकडचं, पण कट्ट्यावर तावातावाने बोलणाऱ्यांत आम्ही गोंयकारही होतोच. (मी ‘एकवीस’वाला. अजूनही.)

आणि जॅक-जॅक. बाप सोफ्यावर आडवा, आणि अंगणात बाळ एका रॅकूनशी झुंजतंय. का, तर टीव्हीवरच्या चोराने जसा मुखवटा घातला होता तसंच त्या प्राण्याचं तोंड. बाळाच्या बाजूने बघितलं तर तर्क बिनचूक आहे. संवाद जवळजवळ नाहीच, नुसती मारामारी आणि बाळाचं खिदळणं. एवढा निखळ विनोद पहिल्या भागात एकाही ठिकाणी नाही, हे मी आता लेखी द्यायला तयार आहे.

तिसराही जाहीर झालाय. डॅशला या वेळी तरी वाढू देतात का बघू.

हे लिहीत असताना आत रॅकून चौथ्यांदा चाललाय. विमानाचा प्रसंग परत लावू का म्हणून मघाशी विचारलं, तर म्हणाली, “नको. आई आल्यावर.”