‘सोलापुरात छोटे इंजिन टिकत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

नवी गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर कोणीतरी पाठवतोच. त्याचा आशय असा: सोलापूरच्या उन्हात हजार-बाराशे सीसीची कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, ती घाटात दम टाकते, उन्हाळ्यात तापते, टर्बो असला तर तो लवकर जातो, मायलेज मिळतच नाही, आणि जीएसटी उतरल्यामुळे पंधराशे सीसी आता जवळपास त्याच किमतीत मिळते. यातल्या एका विधानात अर्धे तथ्य आहे. बाकीची विधाने गाड्यांच्या माहितीपत्रकातले आकडे समोर ठेवले की टिकत नाहीत.

मूळ घोटाळा सीसीलाच ताकद समजण्यात आहे. सीसी म्हणजे सिलिंडरांचे एकूण आकारमान. त्यात प्रत्यक्ष हवा किती भरली जाते यावर जोर ठरतो, आणि टर्बो ती हवा दाबून भरतो. ह्युंदाई व्हेन्यूचे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ८३ पीएस (अश्वशक्तीचेच एक माप) ताकद आणि ११४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पिळाचा जोर, देते, तर त्याच गाडीतले १ लिटरचे टर्बो १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर देते. मारुती ब्रेझाचे १४६२ सीसीचे इंजिन १०३ पीएस आणि सुमारे १३७ न्यूटन-मीटरवर थांबते. थोडक्यात, या तिघांत आकाराने सर्वांत लहान असलेले इंजिनच सर्वांत जोरकस आहे. ही काही नवलाची गोष्टही नाही. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आपल्याकडे आली तेव्हा तिचे १ लिटरचे टर्बो १२५ पीएसचे आणि १.५ लिटरचे पेट्रोल ११२ पीएसचे होते.

कमाल आकड्यापेक्षाही तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो हे महत्त्वाचे. व्हेन्यूच्या टर्बोचा पूर्ण टॉर्क १५०० फेऱ्यांपासून मिळू लागतो. ब्रेझाला त्यासाठी ४४०० फेऱ्यांपर्यंत जावे लागते. गाळपाच्या हंगामात संध्याकाळी बार्शी रस्त्याला लागलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी उसाची वाढी लोंबत असलेली, मागे दिवा नाही, आणि समोरून येणाऱ्या वाहनांत जेमतेम एवढी फट की दोन्ही ट्रॉल्या एका दमात मागे टाकाव्यात. अशा वेळी टर्बो तिसऱ्या गिअरमध्ये तशीच निघते, तर बिनटर्बो गाडीत आधी गिअर खाली आणून इंजिनाला ओरडायला लावावे लागते.

अर्धे तथ्य आहे ते इथे. पाच माणसे, डिकीत सामान आणि एसी पूर्ण चालू असताना १.२ लिटरचे बिनटर्बो इंजिन ओव्हरटेक करताना खरोखर धापा टाकते, आणि एसीच्या कॉम्प्रेसरला लागणारी ताकद लहान इंजिनाला जास्त जाणवते. पण ही उणीव टर्बो नसण्याची आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या इंजिनांना एकाच पोत्यात बांधले आहे. घाटाचे म्हणाल तर सोलापूरकराच्या नित्याच्या वाटेवर तुळजापूरचा छोटा घाट सोडला तर दुसरा घाट नाही. सुमारे ४५ किलोमीटरच्या त्या प्रवासात चढ येतो तो शेवटी, आणि तो योग्य गिअर धरला तर बाराशे सीसीची गाडीही निमूटपणे चढते.

आता उन्हाचा मुद्दा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो हे खरे, पण गरम हवा विरळ असते म्हणून होणारी घट बिनटर्बो इंजिनाला, ते लहान असो वा मोठे, त्याच प्रमाणात सोसावी लागते. २५ अंशांच्या मानाने ४३ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. त्यातला काही भाग टर्बो दाब वाढवून भरून काढतो, मात्र हवा फार तापली तर नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी पेटणे, टाळण्यासाठी यंत्रणा जोर थोडा आवरतेही. गाडी तापून बंद पडते त्याचा सीसीशी संबंध नाही, कारण रेडिएटर त्या त्या इंजिनाच्या उष्णतेच्या हिशेबानेच दिलेला असतो. तापण्याची कारणे पाहायची तर बॉनेट उघडावे. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे गच्च बसलेले असतात, आणि कूलंट कमी झाले म्हणून कोणीतरी त्यात बोअरचे पाणी ओतलेले असते. आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार बादलीच्या कडेला जसा धरतो तसाच तो आतल्या बारीक नळ्यांत धरतो, आणि मग पंधराशे सीसीचीही सुटका नाही.

टर्बो लवकर जातो, हे विधानही सरसकट टिकत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल वेळेवर बदलले नाही, धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टरकडे पाहिले नाही, किंवा पुण्याहून जोरात आल्यावर दारात येताच चावी फिरवली, तर तो त्रास देणारच. शेवटचे मिनिट-अर्धे मिनिट इंजिन संथ चालू ठेवणे एवढीच खबरदारी तिथे लागते. ज्याची सर्व्हिसिंग नेहमी पुढे ढकलली जाते त्याने टर्बो घेऊ नये, एवढे मात्र मी मान्य करीन.

मायलेजवर फार बोलण्यासारखे नाही. मारुती फ्रॉन्क्सच्या १.२ लिटर आणि १ लिटर टर्बो या दोन मॅन्युअल गाड्यांचे प्रमाणित आकडे लिटरमागे अनुक्रमे २१.७९ आणि २१.५ किलोमीटर आहेत, टर्बो वारंवार दाबून चालवली तर मात्र ती पेट्रोल पिते.

किमतीबाबतचे विधान सर्वांत चुकीचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो तो चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंतच्या, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही १४६२ सीसी पेट्रोलमुळे ४० टक्क्यांत जाते. म्हणजे करातली तफावत बुजण्याऐवजी उघड दिसते. पंधराशे सीसीच हवी असेल तर १८ टक्क्यांची वाट डिझेलची आहे, आणि टाटा नेक्सॉनचे २६० न्यूटन-मीटरचे डिझेल महामार्गावर उत्तमच आहे. पण महाराष्ट्रात डिझेलला रस्ता कर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त लागतो. शिवाय बीएस ६ या प्रदूषण मानकाच्या डिझेलच्या धुराड्यातला काजळी धरणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तो सलग, वेगाने चालल्यावर. शहरातल्या शहरात जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढ्याच खेपा करणाऱ्याच्या गाडीत तो पुनःपुन्हा चोंदतो. अशा माणसाने महिन्यातून पुणे किंवा हैदराबाद किती वेळा होते हे आधी मोजावे आणि मग डिझेलचा विचार करावा.