उचल, ढकल, मग कडी

आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बाथरूमच्या दाराचं ट्रेनिंग द्यावं लागायचं. उजव्या हाताने हँडल धरून दार थोडं वर उचलायचं, गुडघ्याने खालून ढकलायचं, आणि दार असं अधांतरी असतानाच डाव्या हाताने कडी सरकवायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांना हे झोपेतही जमायचं, आई तर एका हातात बादली धरून करायची.

जुलैमध्ये बायकोचे मामा अमरावतीहून आले. त्यांना ट्रेनिंग द्यायचं राहूनच गेलं, कारण ते आले ते थेट आतच गेले. जाताना त्यांनी माणूस तब्येतीने दणकट असला की जसं दार लावतो तसं लावलं, आणि ते जे फरशीत रुतून बसलं ते बसलंच. मग मी बाहेरून, "मामाजी, हँडल धरा आणि वर उचला!" आतून आवाज, "काय उचलू?" "दार उचला, दार!" "अहो जावईबुवा, दार काहून उचलू, उघडायचं आहे न मला!" वीस मिनिटं हेच चाललं. बाहेर आल्यावर मामा काही बोलले नाहीत, फक्त बायकोकडे बघितलं. ते बघणं मला चांगलंच लागलं. दुसऱ्याच दिवशी ठरवलं, आता हे दार आपण स्वतः ठीक करायचं.

(स्वतः का? तर मिस्त्री "उद्या येतो भाऊ" म्हणून तीन उद्या खाऊन बसला होता.)

आता रोग काय, यावर घरात एकमत नाही. आई म्हणे पावसाने फुगलं. बायको म्हणे फुगलं तर मे महिन्यातही का अडकत होतं? तिचंही खरं होतं, पण आमच्याकडे मे मध्ये चोवीस तास कूलर चालतो, घरातली हवा पार ओली, लाकडाला बिचाऱ्याला उन्हाळा कोणता आणि पावसाळा कोणता हे कळणार कसं. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात डोकं कोणाचं ठिकाणावर असतं, २०२४ च्या मे मध्ये रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक यंत्राने ५६ डिग्री दाखवले होते, मागून कळलं सेंसरच बिघडला होता. यंत्राचं असं, तर दाराकडून काय अपेक्षा करता.

तर मी इतवारीला लोहाओळीत गेलो. तिथे गेलं की माणूस एक स्क्रू घ्यायला जातो आणि रंधा, पटाशी, दोन प्रकारचे कब्जे, ऑइलची बाटली आणि कशाला लागतो हे माहीत नसलेला एक पाना घेऊन येतो. बिजागरी म्हणालो तर दुकानदाराने वर बघितलं, "कब्जा पायजे काय?" येताना लकडगंजातून आलो, दोन्ही बाजूंना सागवानाची थप्पी लागलेली. आपल्या विदर्भाचं लाकूड म्हणजे साधी गोष्ट नाही राजेहो, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहचं सागवान गेलं, दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून गेलं, आणि त्याच नागपुरात माझ्या बाथरूमला फ्लश डोअर, ज्याच्या आत काय भरलंय हे बिल्डरलाच माहीत.

रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन कामाला लागलो. दार खाली घासतं म्हणजे खालून जास्त झालं, इतकं सरळ गणित. दार काढलं (मी आणि पोरगा, तो मधेच मोबाईल वाजला म्हणून सोडून गेला, माझा अंगठा आजही सांगेल), आडवं पाडलं आणि खालून रंधा मारला. पहिल्या दोन हातांत मस्त कुरळी साल निघाली, मी इतका खूश झालो की थांबलोच नाही. बोटभर दार उडवलं. परत बसवलं, आणि दार तरीही घासत होतं! आता फक्त कडीकडच्या कोपऱ्यात, पण घासत होतंच.

चौथ्या उद्याला मिस्त्री आला. दाराला हात लावला नाही, नुसतं हँडल धरून हलवलं आणि मान वर करून म्हणाला, "भाऊ, वरचा कब्जा पहा, हलून राह्यला न." खरंच, दार सोडलं की वरचा कब्जा चौकटीतून दोन सूत बाहेर येत होता. तीनपैकी दोन स्क्रू भोकात नुसते गोल फिरत होते, आणि तिसरा स्क्रू नव्हताच, कुण्या महाभागाने तिथे खिळा ठोकला होता. वरचा कब्जा सैल झाला की दार त्या बाजूने सुटतं, पुढचा कोपरा खाली लटकतो, कडीही तिच्या भोकाच्या खाली येते. वर्षभर आम्ही दार उचलत होतो म्हणजे कब्जाचंच काम करत होतो.

त्याने आगपेटीच्या काड्या मागितल्या. गुल तोडून फेविकॉलमध्ये बुडवल्या, भोकात ठोकल्या, वरून पटाशीने साफ केल्या, आणि वाळल्यावर त्यातच दोन इंची स्क्रू आवळले. मग दार उचलून खालची कड बघितली. "इथे रंग मारलाच नाही कोणी, पाणी पिऊन राह्यलं ते. आणि हे कापलं कोणी?"

मी म्हणालो, आधीच्या मिस्त्रीने.

आता दार एका बोटाने लागतं. खालून मात्र इतकी फट राहिली की आत कोणाची चप्पल आहे ते बाहेरूनच कळतं, आणि डिसेंबरच्या थंडीत अंघोळ करताना घोट्यापर्यंत हिमालय लागतो. सवय काही कोणाची जात नाही, आई अजूनही उचलते, मीही गुडघा लावतो, आणि दार आता हलकं झाल्यामुळे धाडकन आपटतं.

दिवाळीला मामा परत आले. मी सांगणार होतो की आता काही करावं लागत नाही, पण फोन आला आणि राहून गेलं. मामा मात्र मागचं सगळं पाठ करून आले होते. आत गेले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि जोर लावून उचललं. क्षणभर शांतता. मग आतून आवाज आला,

"जावईबुवा, हे माझ्या हातातच आलं. आता काय उचलू?"