दार अंगावर येईल हे तुमचं बरोबर, ग्रीसचं मात्र नाही

दादा, नमस्कार.

गॅलरीच्या सरकत्या दाराच्या दुरुस्तीवर मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागावून झाले, झोपले, सकाळी चहाबरोबर परत वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तीच देते (उद्यमनगर म्हणजे आमच्या कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती):

"ताई, लिहिलंय झ्याक, पण हे वाचून कोणतरी शटर अंगावर घेणार. बावीस वर्षं अॅल्युमिनियमचं काम करतोय. स्क्रू पिळून दारं सुधारत असती तर आम्ही काय उद्यमनगरात माशा मारत बसलोय? ग्रीस लावू नका म्हणताय, मग बेअरिंग काय हवेवर फिरतंय? आणि पाणी आत येतंय ते सिलिकॉन गेलेलं असतंय, भोकांचं काय घेऊन बसलाय. आमच्या पोटावर पाय कशाला?"

शटर, म्हणजे दाराचा सरकता पल्ला, अंगावर येण्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. मी लिहिलं होतं, "शटर वर उचला, खालची कड आत ओढा, निघालं." एका ओळीत. जणू पोळपाटावरची पोळी उचलायची आहे. आमचंच दार घ्या. तीन फूट रुंद, सात फूट उंच शटर, पाच मिलिमीटरची काच. एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरतं. त्या हिशेबानं नुसती काच चोवीस किलोच्या घरात, वर अॅल्युमिनियमची चौकट. म्हणजे भरलेला गॅस सिलिंडर, तोही सात फूट उंच आणि धरायला कडी नसलेला. एकट्या माणसानं तो काढायचा नाही, हे वाक्य लेखात पहिलं असायला हवं होतं. आता घातलंय.

त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घातल्यात. खालच्या कडेनं आत ओढताना शटर आपल्याकडं येतं, त्यामुळे दुसरा माणूस घराच्या बाजूलाच उभा पाहिजे, गॅलरीत नव्हे. आणि शटर उतरवण्याआधीच खाली घडी घातलेली वाकळ पसरून ठेवायची. माझ्या दिरानं आणि मी पहिल्यांदा शटर काढलं तेव्हा ते तसंच फरशीवर टेकवलं. खालच्या कोपऱ्याशी "कट्ट" झालं. दोघं तिथंच थिजलो. काही झालं नाही, पण टफन काचेचं, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेचं, मर्म कडेत आणि कोपऱ्यात असतं. मधे बुक्की सोसेल, पण कोपऱ्याला फरशीचा एक टोला बसला की सगळी काच साबुदाण्यासारखी खाली. ती कापून लहानही करता येत नाही, नवीच करून आणावी लागते. आणि साधी काच असेल तर साबुदाणा नाही, सुरे पडतात. काचेच्या कोपऱ्यात टफनचा बारीक शिक्का आहे का, एवढं तरी आधी बघावं.

तुमच्या म्हणण्यानं माझी खरी चूक मला वेगळीच सापडली. मी लेख पेचकसापासून सुरू केला. तो झाडूपासून सुरू करायला हवा होता.

आमचं दार जड झालं तेव्हा मीही आधी रोलरला, म्हणजे शटरखालच्या चाकालाच नावं ठेवली. मग एक दिवस गुडघे टेकून, मोबाइलचा टॉर्च लावून ट्रॅकमध्ये बघितलं. दिवाळीची रांगोळी होती. गळीत हंगामात गच्चीगॅलरीत येऊन पडते ती ऊस जाळल्याची काळी राख होती, पावसाळ्यात भिजून खालीच थिजलेली. एक शेंगदाण्याचं टरफल, एक काडेपेटीची काडी. आणि रोलरच्या आसाभोवती माझेच लांब केस, दोरा गुंडाळावा तसे घट्ट. चाक फिरतच नव्हतं, ट्रॅकवरनं घसपटत जात होतं. नायलॉनचं चाक असं घसपटलं की एका बाजूनं चपटं होतं. मग ते कितीही साफ करा, दर फेऱ्याला "टक" करतं. ते मात्र बदलायलाच लागतं.

तर आधी कोरडं. जुना दात घासायचा ब्रश, रंगाचा चपटा ब्रश, असला तर व्हॅक्यूम. कोरडी राख आणि रांगोळी निघाल्याशिवाय पाण्याचा थेंब घालायचा नाही, नाहीतर चिखल होऊन ती रोलरच्या खाली जाऊन बसते. मग ओलं फडकं. नवरात्राआधी आपल्याकडं अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढतात, तेव्हाच हेही उरकावं. मी तसंच करते. एकच सांगते, गॅलरीच्या फरशीला घासायचं अॅसिड वापरत असाल तर त्याचा ओघळ ट्रॅकमध्ये जाऊ देऊ नका. अॅल्युमिनियम त्यानं खाल्लं जातं आणि लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यात गंजून आत तुटतात. आमच्या शेजाऱ्यांच्या दाराला पांढरे डाग पडलेत ते त्याचेच.

एवढं करून दार हलकं झालं नाही, तरच पेचकस. आणि इथंही तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. रोलरचा स्क्रू पिळून शटर वर-खाली होतं, पण चौकटच काटकोनात नसेल तर दहा वेळा पिळा, काही होत नाही. तो फरक कळायला मी आता एक सोपी पाहणी देते. दार लावता लावता शेवटच्या बोटभर अंतरावर थांबवायचं आणि शटर व चौकट यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत बघायची. वर लागलंय, खाली फट आहे, किंवा उलट, तर आधी रोलरचा स्क्रू. थोडा पिळायचा, बघायचं, परत थोडा. तरी फट सरळ होत नसेल तर टेप लावून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. त्यात पाच-सात मिलिमीटरचा फरक निघाला तर हे काम घरातल्या माणसाचं नाही. तिथं तुमच्यासारख्या माणसाला फोन करायचा. गॅलरीचा स्लॅब थोडा खाली दबला की हे होतं, आणि मग आख्खी चौकट सोडून बसवावी लागते. आणखी एक, शटर पिळून खाली घेतलं की बंद दार वर उचलून बघायचं. वरच्या पन्हाळीतनं सुटून येत असेल तर बाहेरून चोरालाही ते तसंच काढता येईल.

आता ग्रीस. इथं मी हटणार नाही.

तुम्ही विचारलंत, बेअरिंग हवेवर फिरतंय काय? फिरतं ग्रीसवरच, पण ते ग्रीस बेअरिंगच्या आत, दोन्ही बाजूंच्या झाकणांमागं, कारखान्यातच भरून आलेलं असतं. मी म्हणते ते ट्रॅकवर लावायच्या ग्रीसबद्दल. दादा, तुम्ही उद्यमनगरात बसता. तिथं ऑइल इंजिनचे व्हॉल्व्ह सीटवर बसवताना काय लावून घासतात? ग्राइंडिंग पेस्ट. म्हणजे काय, तर ग्रीसमध्ये कार्बोरंडमची भुकटी. गॅलरीच्या ट्रॅकवर ग्रीस लावा, त्यावर रांगोळी आणि रस्त्यावरची धूळ पडू द्या. घरबसल्या तीच पेस्ट तयार. नायलॉनचं चाक आणि अॅल्युमिनियमचा ट्रॅक दोन्ही ती घासून काढते. पहिले पंधरा दिवस दार लोण्यासारखं चालतं म्हणून गिऱ्हाईक खूश असतं, आणि तुमचं लक्ष तेवढ्यावरच जात असेल. सहा महिन्यांनी कोण विचारायला येतंय? बाहेरच्या लोखंडी गेटच्या मोठ्या चाकाला ग्रीस लावता, ते ठीक. तिथलं लोखंड जाड आहे आणि ते कधीही पुसता येतं.

तेलाचंही तेच. आमच्या सासूबाई कडीकोयंड्याला खोबरेल लावायच्या. तेच एकदा मी ट्रॅकला लावलं. डिसेंबरात एके सकाळी दार हलेना. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठायला लागतं, आणि आपल्याकडच्या थंडीत पहाटे पारा त्याच्या खाली जातोच. बाटलीतलं गोठलेलं बघून मी डोक्याला हात लावला. तो निळा-पिवळा डब्ल्यूडी-फॉर्टीचा डबाही सगळे उचलतात. त्याच्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि चाळीस म्हणजे चाळिसाव्या खटपटीत जमलेलं मिश्रण. १९५३ सालची गोष्ट. गंजलेला स्क्रू सोडवायला उत्तम, पण बेअरिंगवर फवारलं तर आतलं ग्रीस धुऊन बाहेर काढतं. मी कोरडा सिलिकॉन स्प्रे मारते, तोही फडक्यावर घेऊन. घरात नसेल तर मेणबत्ती ट्रॅकच्या माथ्यावर दोनदा ओढायची, झालं.

आणि पाणी. इथं तुम्हाला राग आला असेल, पण मी हे अंगावर घेऊन शिकलेय.

आमचं घर फुलेवाडीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेला. गगनबावड्याकडनं पाऊस येतो तो आडवाच येतो. काही वर्षांपूर्वी जुलैत हॉलमध्ये पाणी यायला लागलं. एका कारागिराला बोलावलं. त्यानं बाहेरून सगळीकडं सिलिकॉन मारलं आणि खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला जी चार-पाच चिरेसारखी भोकं असतात, तीही छान गुळगुळीत बुजवली. मीच तर म्हणाले होते, "भोकं दिसतायत, तीही बंद करा." त्याच रात्री पाणी दुपटीनं आत. गोधड्या टाकून टाकून पहाट झाली.

सरकत्या दाराची रचनाच अशी की ट्रॅकमध्ये पाणी येणार. दोन शटरांच्या मधे ब्रश असतो, बाजूनं पट्टी असते, तरी थोडं येतंच. ते ट्रॅकमध्ये साठावं आणि भोकांतनं बाहेर जावं, हाच बेत आहे. ट्रॅकची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच ठेवतात ती त्यासाठीच. भोकं बुजली की ट्रॅकचा हौद होतो आणि तो भरला की आतल्या बाजूनं सांडतो. शिवाय वारं. ताशी पन्नास किलोमीटरचा झोत पाण्याचा साधारण बारा मिलिमीटरचा थर अडवून धरू शकतो. जोराच्या सरीत भोकाशी डोळा लावला तर दिसेल, पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत बुडबुडे येतात. झोत थांबला की एकदम गळगळ करून रिकामं होतं. म्हणून पाऊण इंची सेक्शनच्या (चौकटीच्या पट्टीला सेक्शन म्हणतात) बुटक्या ट्रॅकपेक्षा डोमल म्हणतात त्या मोठ्या सेक्शनचा खोल ट्रॅक आमच्यासारख्या पश्चिमेच्या गॅलरीला बरा. हे तुम्हाला सांगायला नको, गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

पण सिलिकॉनचंही तुमचं चुकीचं नाही, जागा वेगळी आहे. चौकट आणि भिंत यांच्यातल्या बाहेरच्या सांध्याचं सिलिकॉन फाटलं तर पाणी चौकटीच्या मागनं येतं. तेव्हा ट्रॅक कोरडा असतो आणि बाजूचा गिलावा किंवा खालची पट्टी ओली होते. माझ्या लेखात हे नव्हतंच. ट्रॅक ओला की भिंत ओली, एवढं बघितलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. भोकं तपासायची तर पावसाआधी ट्रॅकमध्ये एक तांब्या पाणी ओतायचं. डोळ्यांदेखत ओसरलं पाहिजे. नाही ओसरलं तर बाहेरून झाडूची काडी किंवा वायरचा तुकडा घालून भोक मोकळं करायचं. त्यासाठी तुम्हाला बोलवायचं, तुम्ही यायचं, आणि काडी घालून पैसे मागायचे, यात दोघांनाही लाज.

आणि पोटावर पाय म्हणता, त्याबद्दल खरं बोलते. पावसाळ्यात असल्या बारीक कामाला फोन केला की उद्या येतो, परवा येतो, मग गणपती झाल्यावर येतो. चूक तुमची नाही, मोठी कामं सोडून तीन मजले चढायला कोण येईल. राख काढायचं काम लोकांनी घरी केलं तर तुमचा काय तोटा? रोलरचा नमुना खिशात घालून तुमच्याच दुकानात येतील. "दाराचं चाक द्या" म्हणून रिकाम्या हातानं आलेलं गिऱ्हाईक तुम्हाला किती आवडतं ते मला ठाऊक आहे.

आता माझं काम. आमच्या मधल्या ट्रॅकवर, कडीच्या बाजूनं वीतभर आत, अॅल्युमिनियम दबून खाच पडलीय. खोबरेलवाल्या दिवसांची देणगी. शटर तिथं आलं की बसतं आणि मग हिसका द्यावा लागतो. त्यावर स्टीलची पट्टी चढवून भागेल, की आख्खा खालचा ट्रॅकच बदलायचा? सेक्शन पाऊण इंची आहे, दार तीन ट्रॅकचं, एक जाळीचं. फोटो लेखाखाली टाकलाय, नाणं ठेवून काढलाय म्हणजे माप कळेल. फुलेवाडीकडं येणं झालं तर प्रत्यक्ष बघून जा. चहा होईल, आणि बघायचे पैसेही घ्यायचे, तेवढं आधी ठरलेलं बरं. वाकळ मी पसरून ठेवते.