आबांचा फ्लेक्स

भाऊनं मोबाइल मधल्या स्टुलावर ठेवला. "वाचा आणि सांगा. दहाच्या आत छापायला टाकायचाय."

हडपसर गाडीतळाच्या आमच्या कट्ट्यावर त्या वेळी आम्ही पाच जण होतो आणि चहाच्या गाडीमागं मावशी. स्क्रीनवर भाऊच्या आजोबांचा, आबांचा, फेट्यातला फोटो. रविवारी दशक्रिया, नऊ वाजता प्रवचन. जन्म १ जून १९३४. आणि फोटोखाली मोठ्या अक्षरात, 'प्रगतशील शेतकरी व कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व'.

"प्रगतिशील," मास्तर म्हणाले. "'ग'ला नाही, 'त'ला वेलांटी. ऱ्हस्व."

"मास्तर, आमच्याकडं सगळे प्रगतशीलच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणून शुद्ध होत नाही. आणि १ जून काय १ जून? तुमचा अर्धा पुरंदर तालुका १ जूनलाच जन्मलाय."

"ते तुमच्याच खात्याचं काम," वकील म्हणाला. "शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून ठोकायचे."

खरं तर तारीख आबांनाही ठाऊक नव्हती. गांधीवधाच्या साली गुरं वळत होतो आणि पानशेत फुटलं त्या साली थोरली झाली, एवढाच त्यांचा हिशेब.

इंजिनीयर मात्र वेलांटीपाशी थांबला नव्हता. "शब्द शुद्ध आहे की नाही ते सोडा, खरा आहे का? ठिबक केलं का म्हाताऱ्यानं? शेडनेट? ९१ वर्षं एकाच गावात. चांगला माणूस होता, साधा माणूस होता, तेवढंच लिहा ना. प्रगतशील म्हणजे मगरपट्टा. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र केल्या, स्वतःची कंपनी काढली, आज बघा." एवढं बोलून त्यानं मगरपट्ट्याच्या दिशेनं असा हात केला, जणू तिथली पहिली वीट त्यानंच रचली होती. तो तिथं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो.

भाऊ शांतपणे म्हणाला, "मगरपट्ट्याच्या उशाला कॅनॉल होता. आमच्या उशाला दिवे घाट आहे. पाऊस घाटाच्या पायथ्याला थांबतो आणि वर यायचं भाडं मागतो."

"आता आलंय की पाणी. उपसा सिंचन."

"आलंय ना. मुळा-मुठेचं. म्हणजे तुमचंच, वापरून झालेलं. आम्ही पुण्याला अंजीर पाठवायचं, पुण्यानं आम्हाला संडासाचं पाणी पाठवायचं, आणि ते वर चढवायचे पैसेही आम्हीच भरायचे. ह्यात प्रगतशील कोण, ते तूच सांग."

मावशी फस्सकन हसल्या. चहा उतू गेला.

मी आबांना चांगलं ओळखत होतो, म्हणून ते 'साधा माणूस' मला झोंबलं. शेतकरी गेला की आपण हा शब्द पटकन चिकटवतो. आबांना मी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघताना पाहिलंय. पावसाची उघडीप मिळाली की वावरात शिरायचे, वीतभर खालची माती घ्यायचे, मुठीत दाबून गोळा करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. गोळा फुटला तर पेरणीची पाभर जुंपायची, चिकटून राहिला तर घरी. शेजारी पेरायला लागले तरी हे पारावर बसून. भाऊची आई चिडायची. आबा म्हणायचे, "माती हो म्हणू दे की." ह्याला साधेपणा म्हणत नाहीत, ह्याला अक्कल म्हणतात.

"आता सेन्सर मिळतात त्यासाठी," इंजिनीयर.

"मिळतात. आबांचा फुकट होता आणि चार्ज करावा लागत नव्हता."

मग बहात्तरचा दुष्काळ निघाला. तो निघणारच होता, कारण मास्तर त्या वेळी पोरसवदा होते आणि त्यांना लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी अजून आठवते. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीबद्दल ते इतकं बोलले की वकिलानं दुसरा कप मागवला. पण भाऊनं सांगितलं ते मी आधी ऐकलं नव्हतं. गावातली दावण त्या वर्षी रिकामी झाली, मिळेल त्या भावाला जनावरं गेली. आबांनी बैल विकले नाहीत. चालवत नीरेच्या कॅनॉलकडं नेले, पाहुण्याच्या उसाच्या रानात बांधले आणि वाढ्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, जगवले. परत येऊन स्वतः आजीबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले.

"भावनिक निर्णय," इंजिनीयर म्हणाला. "तेव्हाच विकून पैसे गुंतवले असते तर..."

"आणि त्र्याहत्तरला पाऊस पडल्यावर पाभरीला काय इंजिनीयर जुंपायचा होता?"

ह्यावर मास्तरसुद्धा वेलांट्या विसरून हसले. भाऊ पुढं म्हणाला, त्या साली पेरायला गावात जोड्या मोजक्याच उरल्या होत्या. आबांनी आधी दुसऱ्यांची रानं पेरून दिली, मग आपलं. माउलींचा रथ घाट चढताना जादा बैलजोड्या लावतात, तिथंही एका वर्षी तीच जोडी होती. घरात त्या जोडीचा फोटो आहे, आजीचा मात्र एकही धड नाही, हेही त्यानंच सांगितलं आणि गप्प झाला.

गप्प बसवेना म्हणून असेल, इंजिनीयरनं पुरंदरच्या नियोजित विमानतळाचा विषय काढला. सात गावं, ड्रोन सर्व्हे, एकराचा दर. भाऊचं गाव त्या सातांत नाही. पण २०१६ पासून शेजारच्या बांधापलीकडं विमानं उतरणार म्हणून ऐकून ऐकून त्याचे कान किटलेत.

"तुमचं गाव असतं तर आबा कोट्यधीश होऊन गेले असते."

"आबा मालक होऊन गेले. ते पुरलं त्यांना."

कोट्यधीश आणि मालक ह्यांत फरक आहे. आबांचे वडील कूळ होते. कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ नंतर जमीन नावावर झाली. मालकी मिळाल्याचा तो ३२ मचा दाखला पत्र्याच्या पेटीत, पिवळ्या फडक्यात बांधलेला असायचा, आणि दसऱ्याला पाटीपुस्तकांशेजारी त्याचीही पूजा व्हायची. माझ्या आजोबांनी त्यांची विकली, म्हणून आम्ही हडपसरला आलो. त्या विषयावर मी कट्ट्यावर कधी बोलत नाही, त्या दिवशीही बोललो नाही.

मग वकिलानं त्याच्या धंद्यातला प्रश्न विचारला. "भाऊ, आत्यांची हक्कसोड करून घेतली का, जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही? वारसनोंदीच्या आत घ्या. नंतर जावई शिकवतात."

"नाही करायची."

"वेडा आहेस का?"

"आबांनी अंजिराची दीड एकराची पट्टी १९९६ सालीच दोघींना बक्षीसपत्र करून दिलीय. त्यांनी स्वतः घेतलेली होती ती. बाकीच्यातही त्यांचं नाव लागणार. मरायच्या आधी माझ्या बापाला जवळ बसवून सांगितलंय."

वकील चाट पडला. मग त्यानंच समजावून सांगितलं की महाराष्ट्रानं मुलींना वडिलार्जित जमिनीत १९९४ साली हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना तो लागू नव्हता. केंद्राची दुरुस्ती झाली २००५ साली. आत्यांची लग्नं कधीच उरकलेली होती. म्हणजे आबांना कुणी भाग पाडलं नव्हतं.

"गावानं काय काय ऐकवलं असेल," मी म्हणालो.

"पारावर 'जावयाचा गडी' म्हणायचे. आबा म्हणायचे, चीक लागून बोटं पोरींचीबी सोलली, मग झाडं निस्ती पोराची कशी?"

ज्यांनी अंजीर तोडलंय त्यांना कळेल. देठातून पांढरा चीक गळतो आणि हंगामभरात बोटांची सालं निघतात. दोन्ही आत्या लग्नाआधी पहाटे उठून तोडणी करायच्या, पाटीत पानं अंथरून फळं रचायच्या. माझी आईही भावासाठी सही करून मोकळी झालेली आहे. तिनं कधी तक्रार केली नाही, पण माहेरच्या झाडाची सीताफळं आली की ती मोजून ठेवते.

मावशी गाडीमागून म्हणाल्या, "लिही रे प्रगतशील. आणि मास्तर, तुमी वेलांटी द्या न्हाईतर देऊ नका."

"मी पैसे देतो, पण वेलांटी द्या," मास्तर कळवळून म्हणाले.

तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन. स्पीकरवर विचारतोय, खाली 'शोकाकुल'मध्ये मित्रपरिवाराचे फोटो टाकायचे का? पाच बसतील.

सगळ्यांत आधी इंजिनीयर पुढं सरकला. "माझा तो गॉगलवाला नको हां, ब्लेझरमधला आहे, पाठवतो."

"तू? आत्ता तर म्हणत होतास, ठिबक नाही!"

"ठिबक वेगळं, शोक वेगळा. आबांनी हुरडा भाजून घातलाय मला."

"त्या हुरड्याची डिझेलची वर्गणी दिलीस का?" वकील ओरडला. "तीनशे रुपये! माझ्या गाडीतून गेला होतात सगळे!"

"मी चटणी आणली होती!"

"चटणी मावशींची होती!"

"आणि तिचेबी पैशे ऱ्हायलेत," मावशी म्हणाल्या.

फ्लेक्सवाला लाइनवर हॅलो हॅलो करत राहिला. भाऊला हसू आवरेना. तेरा तारखेपासून आम्ही त्याला हसताना पाहिलं नव्हतं. इंजिनीयरनं पाचशेची नोट काढली, वकिलानं ती उजेडात धरून बघितली, आणि मास्तरांनी फोन हातात घेऊन शांतपणे सांगायला सुरुवात केली, "हां, लिहून घ्या. प्र. ग. 'त'ला ऱ्हस्व वेलांटी..."