‘हॅमरचा आकडा तीसच्या वर, म्हणजे बिल्डिंग ठणठणीत’: हा मेसेज पुढे पाठवू नका

मंगळवारी रात्री आत्याचा फोन आला. मुलुंडला त्यांची चार मजली सोसायटी आहे, १९८४ची. येत्या रविवारी सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. “तू हेच काम करतेस ना गं? मग वाच आणि सांग, आम्ही उगाच पैसे घालवतोय का?” हा मेसेज मी याआधी तीन-चार ग्रुपांवर पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता तो आत्यापर्यंत पोचलाय, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबचे पोपडे गेल्या पावसाळ्यात ओट्यावर पडलेत.

मेसेज थोडक्यात असा: आर.सी.सी. शंभर वर्षं टिकतं. ब्रिटिशांच्या इमारती बघा, अजून उभ्या आहेत. ऑडिट म्हणजे पुनर्विकासासाठी बिल्डरांनी काढलेली पळवाट. हॅमर टेस्टमध्ये आकडा तीसच्या वर आला की इमारत ठणठणीत, बाकीच्या टेस्ट पैसे उकळायला. पोपडे पडले तर गवंडी बोलावून गिलावा मारून घ्या. आणि घरातली भिंत बिनधास्त काढा, भार कॉलमवर असतो.

आधी हॅमरचं बोलते, कारण माणसं मरतील ती या ओळीमुळे.

रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगवरचा दांडा. तो काँक्रीटवर आपटतो आणि किती उसळून मागे येतो ते मोजतो. म्हणजे त्याला कळतो तो फक्त वरच्या थराचा कडकपणा. जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, त्यातल्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि वरचा थर टणक बनतो. याला कार्बोनेशन म्हणतात. याच प्रक्रियेत काँक्रीटची अल्कता संपते. साडेबारा-तेराचा पीएच नऊच्या खाली येतो, सळईवरचं संरक्षक कवच जातं आणि गंज सुरू होतो. म्हणजे ज्या कारणाने सळई गंजते, त्याच कारणाने हॅमरचा आकडा चढतो! आजारी इमारतीला हॅमर चांगले मार्क देतो.

हे माझं मत नाही. आयएस १३३११, भाग २ या १९९२च्या भारतीय मानकात हे स्वच्छ लिहिलंय (आता हा विषय आयएस ५१६च्या पाचव्या भागात आहे): हॅमरवरून काढलेल्या ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो, आणि कार्बोनेशन झालेल्या काँक्रीटमध्ये टोकाच्या परिस्थितीत तो ५० टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतो.

गेल्या वर्षी पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीत पार्किंगच्या कॉलमवर आकडा आला ३२. सेक्रेटरी खूश. मग आम्ही कॉलमला ताजं भोक पाडलं, धूळ फुंकली आणि आत फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. काँक्रीटची अल्कता शाबूत असेल तिथे हे द्रावण गडद गुलाबी होतं. इथे पृष्ठभागापासून चाळीस मिलिमीटरपर्यंत काहीच रंग नाही, त्यापुढे गुलाबी. सळई होती तीस मिलिमीटरवर, म्हणजे अल्कता संपलेल्या भागातच. हॅमरच्या तक्त्याने ताकद चौरस मिलिमीटरला २४ न्यूटन सांगितली होती, कोअरचा (काँक्रीटमधून कापून काढलेल्या गोल नमुन्याचा) लॅबमधून निकाल आला १६. त्या सेक्रेटरींनी बाकीच्या टेस्टचे पैसे वाचवले असते, तर तो ३२चा आकडा फ्रेम करून ऑफिसात लागला असता.

म्हणून हॅमरबरोबर अल्ट्रासोनिक टेस्ट (काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून आतला भाग तपासणारी) लागते, कोअर लागतात, आणि आत गंज चालू आहे का ते बघायला हाफ-सेल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजणारी टेस्ट, लागते. तिचं रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात.

गिलाव्याचा सल्लाही तितकाच वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर गिलावा मारला की दिसायचं बंद होतं, गंजायचं नाही. किनाऱ्याजवळ हवेतला क्षार आत गेलेला असेल तर आणखी एक गोष्ट घडते: तेवढाच तुकडा नव्या मसाल्याने भरला की गंज त्याच्या कडेला सरकतो, आणि दोन पावसाळ्यांत शेजारचा पोपडा पडतो. बायका सांगतात ना, “इथे केलं की तिथे निघतं”, त्यामागे हे विज्ञान आहे. नीट दुरुस्ती म्हणजे टेकू लावून, सळईच्या मागूनसुद्धा काँक्रीट काढून, गंज घासून, जिथे सळई झिजलीय तिथे नवी जोडून, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट हा दुरुस्तीचा खास मसाला भरणं. हल्ली कडेला जस्ताचे अ‍ॅनोडही बांधतात, म्हणजे सळईऐवजी जस्त झिजतं.

शंभर वर्षांचं म्हणाल तर आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाची १९७८ची आवृत्ती एम १५ दर्जाचं (चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन ताकदीचं) काँक्रीट चालवून घेत होती आणि स्लॅबच्या सळईवर पंधरा मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर. २००० सालच्या आवृत्तीत किनारपट्टीच्या उघड्या हवेला एम ३० आणि पंचेचाळीस मिलिमीटर आहे. आत्याची बिल्डिंग पहिल्या नियमाच्या काळातली. डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत २०१३ साली पडली, ६१ जण गेले, तेव्हा ती पस्तीस वर्षांचीही नव्हती. ब्रिटिशांच्या दगडी इमारतींचा भार जाड भिंती पेलतात, त्यांची आर.सी.सी.शी तुलनाच नको. मरीन ड्राइव्हच्या जुन्या आर.सी.सी. इमारती उभ्या आहेत हे खरं, पण त्यांच्यावर वारंवार दुरुस्तीचा खर्च होत आलाय.

भिंत काढायचं एका वाक्यात: घाटकोपरची सिद्धी साई इमारत आठवा, जुलै २०१७ मध्ये पडली, तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं, १७ मृत्यू. ‘फक्त भिंत’ काढताना गवंड्याचा ब्रेकर कॉलमला कधी लागतो ते घरमालकाला कळतही नाही.

ऑडिटबद्दलच्या आरोपात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. पुनर्विकास हवा म्हणून बरी इमारत सी-१ (अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची) ठरवणारे अहवाल मी पाहिलेत आणि आमच्या धंद्याला त्याची लाज वाटली पाहिजे. पण खोटा दिलासा देणारे अहवालही असतात. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत पालिकेने सी-१ धरली होती, पुढे खासगी ऑडिटमध्ये ती दुरुस्तीजोगी ठरली, आणि जून २०२२ मध्ये पडली. १९ माणसं गेली. दोन अहवाल जुळत नसतील तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, तिच्याकडे जाता येतं. आणि तीस वर्षांवरच्या इमारतीला मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३-बी नुसार ऑडिट करावंच लागतं, तिथे ग्रुपवरच्या मतदानाचा प्रश्न नाही.

आत्याला सांगितलंय: इंजिनिअर सोसायटीने स्वतः नेमावा, बिल्डरने नाही. कोअर कुठून काढले त्याचा नकाशा मागा. कार्बोनेशनची खोली आणि सळईवरचं कव्हर हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून मागा. रविवारी तिने मला सभेला बोलावलंय. फिनॉल्फ्थॅलिनची बाटली घेऊन जाणार आहे, चेअरमन हो म्हणाले तर जिन्याखालच्या कॉलमवर सगळ्यांसमोर फवारू.